मुहूर्त साधला

खोपोली रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात मालोजी मुद्दाम तोंड वाकडं करून बसला होता. बाहेरची सात सीटची पांढरी गाडी त्याला इतकी आवडली होती, की तिच्याकडे बघायचंसुद्धा तो टाळत होता. माथेरानच्या नाक्यावर लोकांच्या बॅगा वाहून त्याची मान कायमची आखडली होती. ही गाडी हाती आली की कर्जत स्टेशनावरून भाडी मारायची, आणि त्या बॅगांना रामराम ठोकायचा.

"शेठ, टायर गेलेत, शीटा उसवल्यात. पंधरा हजार कमी करा, नायतर उठतो."

बँकेचं कर्ज पंधरा हजार कमी झाले तरच पुरणार होतं. पण हे शेठला सांगायचं नसतं.

"दहा करतो. चहा घ्या," राजेशशेठ म्हणाला.

"पंधरा! मला काय एवढी हौस नाय गाडीची."

एवढ्यात बाहेर फाट्‌कन आवाज झाला. खिडकीतून बघतात तो मालोजीच्या आईनं, भागीबाईनं, गाडीपुढे नारळ फोडलेला. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. गाडीवरून हात ओवाळून म्हातारी आता कानशिलावर कडाकडा बोटं मोडत होती.

शेठ सुखानं खुर्चीत रेलला. "हौस नाय म्हणता?"

"म्हातारी हाय, शेठ. कुटं पण नारळ फोडते."

"पूजा झालेली गाडी तुमी सोडणार नाय, मालोजीराव. आता एक रुपया कमी नाय."

मालोजी तणतणत बाहेर आला. "आये, तुला गप बसायला सांगितलं व्हतं ना!"

"आरं, राहुकाळ लागत व्हता! तुमचं बोलणं काय सरंना."

तो फाटकाकडे निघाला. अगदी सावकाश, शेठनं हाक मारावी अशा बेतानं. आणि हाक आली!

"ओ, थांबा! आजींची खोबऱ्याची वाटी राहिली इथं."

तेवढ्यात भिसेगावचं एक जोडपं भाड्यावर लावायला गाडी बघत आत आलं. हार बघून बाई हिरमुसली. "विकली का हो ही?"

"छे! आमी गाडी पूजा करूनच देतो," शेठ बेधडक म्हणाला.

त्यांनी घासाघीस न करता गाडी घेतली. वर त्या बाईनं वाकून भागीबाईला नमस्कार केला, आणि म्हातारीनंही सवयीनं "भरभराट होऊ दे गं बाय" म्हणून तोंडभर आशीर्वाद दिला. मालोजीच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

शनिवारी तीच गाडी माथेरानच्या नाक्यावर आली. सात पाहुणे उतरले. मालोजीनं मुकाट्यानं त्यांच्या बॅगा डोक्यावर घेतल्या.

रात्री ताटात भाकरी वाढताना भागीबाईनं विचारलं, "दिसली का रं आपली ती गाडी? बरी चालते ना?"

"चालते. भरून येते."

"येणारच," म्हातारी समाधानानं म्हणाली. "मुहूर्त साधला व्हता मी."