साबण लावून घेतलेला सल्ला

लेकीला कॉलेजात रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला, तेव्हा अण्णांना वाटलं, आता सुटलो. पण पहिल्या वर्षाला नुसतं रसायनशास्त्र चालत नाही, अशी बातमी तिनेच आणली. मुख्य विषयाच्या जोडीला एक समाजाबद्दलचा, एक गणिताकडचा, एक कलेचा आणि एक अंग हलवण्याचा, असे चार विषय घेणं सक्तीचं होतं.

"आज दुपारपर्यंत सांगायचेत. नाहीतर उरलेसुरले गळ्यात मारतात," ती म्हणाली.

"मग मी कशाला आहे? शहाणी शहाणी माणसं माझ्या सलूनमध्ये आपल्या पायांनी चालत येतात."

लेक काहीतरी बोलणार होती, पण अण्णा चपला घालून निघालेसुद्धा.

पहिलं गिऱ्हाईक बँकेतला कॅशियर होता. अण्णांनी त्याच्या गालांना साबण फासला, वस्तरा गळ्याशी टेकवला आणि विचारलं, "पोरीने अर्थशास्त्र घ्यावं असं आपलं माझं मत. तुमचं काय?"

कॅशियरने डोळे तिरके करून वस्तऱ्याकडे पाहिलं. "हं."

दुसऱ्याने संख्याशास्त्राला हं केलं. तिसऱ्याला खुर्चीतच डुलकी लागली होती. त्याची मान खाली आली आणि संगीत मंजूर झालं. चौथे गृहस्थ नवखे होते आणि घाईत होते. त्यांना अण्णांनी सगळी यादी ऐकवली, वर पहाटेची कवायतही जोडली. त्यांनी तर दोनदा हं केलं. एवढं एकमत अण्णांनी घरात कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी बापलेक कॉलेजात पोचले. विषय पक्के करून देणाऱ्या प्राध्यापकांच्या खोलीत टेबलामागे तेच चौथे गृहस्थ बसले होते. गाल अजून तुकतुकीत होते. अण्णा खूश झाले आणि त्यांनी चारही विषय घडाघडा सांगितले.

"अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगीत, तिन्ही मंगळवारी दहाला भरतात," सर म्हणाले. "आणि कवायत तर केव्हाच बंद झाली. हे कुणी ठरवलं?"

"तुम्हीच, सर. सकाळी."

सरांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. "सकाळी मी हो म्हणत नव्हतो हो. मी श्वास घेत होतो."

मागे रांगेत थांबलेल्या कुणीतरी खोकून हसू दाबलं. "मग संगीताच्या जागी आपण..." अण्णांनी सुरुवात केली, पण सरांनी त्यांना हाताने थांबवलं आणि लेकीकडे वळून विचारलं, "तुला काय हवंय?"

"मानसशास्त्र, संख्याशास्त्र, मातीकाम आणि पोहणं," ती एका दमात म्हणाली. "वेळा पाहिल्यात मी. बसतात सगळ्या."

सरांनी वेळापत्रकावरून बोट फिरवलं. खरंच बसत होत्या.

"कधी ठरवलंस गं हे?" अण्णांनी विचारलं.

"परवाच."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. तुम्ही चपला घालत होतात."

येताना अण्णा गप्प होते. एरवी त्यांचं तोंड वस्तऱ्यापेक्षा जास्त चाले, त्यामुळे लेकीला काळजी वाटली. "बाबा, रागावलात?"

"छे गं. माझ्या मनात आलं, मला कुणी असं विचारलं असतं, तर मी काय घेतलं असतं?"

"मी विचारतेय की आत्ता. काय घेतलं असतंत?"

अण्णा चालता चालता थांबले. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

"नाच," ते हळूच म्हणाले. "आईला सांगू नकोस."

लेकीने दारात चप्पल काढायच्या आधीच आईला सांगितलं. आई हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. अण्णांनी नजर चुकवून पंख्याकडे पाहिलं.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "मी इतकी वर्षं स्वयंपाकघराचं दार लावून एकटीच नाचतेय."