धबधब्याकडे पाठ

धबधबा बघायला जाऊन सगळा वेळ त्याच्याकडे पाठ करून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सौंसरचे गुलाबकाका. फोटोग्राफर.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. सातवीत शाळा सोडून, ड्रायव्हरकी शिकून मी साताऱ्याकडून इथे ट्रिपची बस चालवायला आलो होतो. ओळखपाळख कुणाची नाही. आपल्या स्टुडिओमागची खोली मला राहायला देताना काकांनी एकच विचारलं, "संत्र्याचा बगीचा पाह्यला काय कधी?" नाही म्हटल्यावर मला सायकलवर बसवून नेलं, आणि लगडलेली झाडं दिसताच माझ्या तोंडावर कॅमेरा रोखला. तो फोटो मी आईला धाडला. तिने कुणाकडून तरी लिहून कळवलं, 'पोटाला मिळतंय असं दिसतंय.' तेव्हापासून काकांना नाही म्हणायला माझी जीभ रेटत नसे.

काकांचं म्हणणं साधं होतं. "ताजमहाल उद्याही तिथंच राह्यते, भाऊ. मानसाचं पहिलं पाहणं एकदाच असते." या नादात पांढुर्ण्याच्या एका लग्नात ऐन हार घालायच्या वेळी त्यांनी नवरानवरी सोडून नवरीच्या बापाचे चार फोटो काढले. पुढे पांढुर्ण्याहून लग्नाचं बोलावणं आलं नाही.

मग भेडाघाटची ट्रिप निघाली; बस माझ्याकडे, फोटो काकांकडे. मोहगावच्या कौसाबाई पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेल्या. त्यांचे मालक नामाजी, पाय गेल्यामुळे खाटेवर. बसमध्ये चढतानाच बाईंनी काकांना बजावलं, "भाऊ, बुढ्याले धबधबा दाखवाचा हाय. मी कबूल करून आली. फोटो काढजा बरं."

"काढतो ना, बाई."

बसमधून उतरलो तर धुवाँधार धबधब्याचा आवाज छातीतच शिरला. काका हात वर करून म्हणाले, "सारे खाली पाहा. म्या सांगीन तवाच मान वर." झालं. अख्खी बस एकमेकांचे खांदे धरून, जमिनीकडे बघत निघाली. मागून एक बाई म्हणाली, "धबधबा पाहाले आलो का चपला मोजाले, बाप्पा?" पुढे काका, उलटे चालत. त्यांच्या मागे कठडा, कठड्यामागे नर्मदा. मी दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेचा पट्टा धरलेला. काका पडले असते तर बसच्या मालकाला काय सांगणार होतो?

"हां. पाहा आता."

माना वर गेल्या. एकाने टोपी काढली ती घालायची विसरला. कुणी हात जोडले, कुणी उगाच हसत सुटलं. कौसाबाईंचा पदर वाऱ्याने उडाला, तोंडावर तुषार, गालावर हात, तोंड उघडं. "पाहून राहिली, पाहून राहिली," असं पुटपुटत काका खटाखट बटण दाबत होते. आणि मी? मीही पट्टा सोडून पाहत राहिलो होतो.

आठ दिवसांनी फोटो आले, तेव्हा सौंसरच्या बसस्टँडवर गलका झाला. "धबधबा कुठं हाय?" कौसाबाई भांडल्या नाहीत. फोटो हातात धरून एवढंच म्हणाल्या, "आता बुढ्याले काय दाखवू? माहं थोबाड तं थो रोजच पाह्यते."

दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "चाल मोहगावले."

नामाजींनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "धबधबा?"

"नाई आला जी," काका खाली मान घालून म्हणाले.

म्हातारा बघतच राहिला. मग म्हणाला, "कौसे, चाळीस वर्सांत तुले अशी गप पाह्यली नाई म्या. मोठाच असंन थो."

"मोठा म्हंजे?" बाई खाटेवरच बसल्या. "अवो, पानी खाली पडते अन् धूर वर जाते…" त्यांचे दोन्ही हात वर गेले. नामाजी हातातला फोटो विसरून त्यांच्याकडे पाहायला लागले. काकांचा कॅमेरा तेवढ्यात डोळ्याला लागलाही होता.

परतल्यावर मी हसत विचारलं, "काका, काकूंचा आहे का असा एखादा फोटो?" काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या.

काकांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत बारा फोटो. बाराही धुवाँधारचे, नुसतं पाणी.

"लगन झाल्यावर गेलतो," ते म्हणाले. "चांगले आले ना?"

"आणि काकू?"

"माह्या मागं उभी होती."