कोहिनूरच्या किटलीची मोहीम

"नागू, पोरा, हिला कल्हई लागत न्हाई रं. ही चांदी हाय. हिचं हिलाच पुरतं."

ऐसा शब्द कैलासवासी तीर्थरूपांचा, बिदरेस गोऱ्या इंजिनियरसाहेबाच्या बंगल्यामागे, भट्टीच्या धुरात, वयाचे नववे वर्षी कानी पडला, तो राजश्री नागनाथ कल्हईवाले, वस्ती कमठाणा, यांचे काळजात जन्मभर घुमत राहिला. अवघा मुलूख काळी भांडी घेऊन आपले दारी येतो, आणि जगात ऐसेही एक भांडे आहे की त्यास आपली गरज नाही, याचे राजश्रींस बहुत नवल वाटले, आणि नवलाचा छंद जाहला, आणि छंदाची मुलूखगिरी जाहली.

मुलूखगिरीची तऱ्हा ऐसी, की खांद्यावर भाता, झोळीत कथील व नवसागर घेऊन गावोगाव फिरावे, आणि भांडी उजळता उजळता घराघराच्या फडताळात नजर टाकावी. साहेबलोक विलायतेस निघाले तेव्हा त्यांचा सरंजाम खानसाम्यांकडे, आणि तेथून त्यांच्या लेकीसुनांकडे पांगला होता. त्यातून राजश्रींनी एक साखरदाणी, एक दूधदाणी, साखर उचलावयाचा चिमटा, तपकिरीची डबी आणि कोण्या मडमेचे शिवणाचे अंगुस्तान, ऐसे पाच सरदार हस्तगत केले. हरएकाचे अंगी विलायती चांदीचा शिक्का, नखाएवढा सिंह, उमटलेला. सिंह असेल ती चांदी, नसेल ते कथील, ऐसा कायदा त्यांनी बांधला, आणि आपली नजर आजवर चुकली नाही, ऐसे चावडीवर बसून सांगत.

परंतु शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नलनाम संवत्सरी, बिदरच्या बाजारी जुन्या भांड्यांच्या मोडीवर स्टील देणारा दुकानदार येऊन बसला, आणि घरातच फितूर जाहला. सौभाग्यवती सोजराबाई यांनी चुलीपुढून तोफ डागली, "अवो, साऱ्या मुलखाची भांडी उजळायलाव आन् माझं पातेलं काळं ठिक्कर! चिमट्यानं साखर उचलायला आपण काय कलेक्टर हाव?"

"सोजरे, तुला चांदी कळत न्हाई."

"व्हय व्हय, मला कुठं कळायलीय!" ऐसे बोलून बाई हसल्या. ते हसू राजश्रींस उमगले नाही.

इतक्यात खबर आली, की कोहिनूर गावी पार्वतीबाई पाटलीण यांचे घरी साखरदाणीवरच्याच वेलबुट्टीची किटली आहे. मग उभयतांत तह ठरला तो ऐसा: राजश्रींनी किटली आणावी. तिचे बुडाशी सिंह निघाल्यास बाईंनी हयातभर स्टीलचे नाव काढू नये. न निघाल्यास पाचही सरदार मोडीत घालावे आणि स्टील आणावे.

मग राजश्री सुमुहूर्ते कूच करते जाहले. मोटारीच्या दारात कंडक्टर ईरण्णा याने बकऱ्याच्या कातड्याचा भाता अडविला आणि विचारिले, "अण्णा, ह्ये बकरं हाय का सामान? बकऱ्याचं तिकीट निराळं." मग भाता टपावर चढला, आणि खाली राजश्री त्याचे चिंतेत बसवकल्याणपर्यंत मान वर करून बसले.

कोहिनुरास पोहोचून पाहतात तो विलायतची राणी शोभावी ऐसी ती किटली पाटलिणीचे हाती, आणि तिच्या नाजूक तोटीतून कंदिलात रॉकेल पडते आहे! राजश्रींचे डोळां पाणी आले.

"कामून पायजे रं तुला ही?" पाटलिणीने विचारिले.

"चहाला, अक्का."

"रॉकेलचा चहा पेतूस व्हय?"

मग हुकूम सुटला की घरात लग्न आहे, अवघी भांडी उजळून द्यावी आणि किटली न्यावी. घंगाळे, हंडे, पराती, तपेली यांची फौज अंगणात उतरली. राजश्रींनी तीन दिवस भट्टी विझू दिली नाही, आणि भात्याने हात सोलवटले, आणि भुवया जळाल्या, तरी माघार घेतली नाही. किटली शेवटपर्यंत रॉकेलाने भरलेली, म्हणोन उलटी करून पाहता आली नाही. आणि ज्याची नजर चुकत नाही त्याने बूड कशास पाहावे, हाही अभिमान होता. मग ती पंच्यात गुंडाळून, तान्ह्या लेकराऐसी उराशी धरून, भर दुपारी कमठाण्यास दाखल जाहले.

सोजराबाईंसमक्ष किटली उलटी केली. सिंह नाही. चिंच लावून घासली, सिंह नाही. सुरीच्या टोकाने खरवडले, तो कथील निघाले. राजश्रींचा चेहरा विझल्या भट्टीऐसा जाहला. मग आपले हाताने एकेक सरदार पिशवीत घातला. अंगुस्तानावर फुंकर मारिली, धोतराने पुसिले, तेही घातले. "घे. नजर चुकली माझी. आण तुझं स्टील," इतकेच बोलून भिंतीस टेकून बसले.

सोजराबाईंनी पिशवी उचलिली. बाजारात बारा ताटांचा, डब्यांचा, चकचकीत पातेल्यांचा संसार मांडून ठेविला होता, आणि गप्प राहणे एवढेच काम उरले होते. बाई उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि तेथे थबकल्या, आणि माघारी फिरल्या. मग जी फत्ते जाहली ती भात्याची नव्हे, नजरेची नव्हे, सोजराबाईंच्या जिभेची, ऐसे दप्तरी दाखल असे. बाई पिशवी त्यांचे मांडीवर ठेवून बोलिल्या:

"सिंह हाय. कथलाच्या खाली हाय. आपल्या लग्नाच्या सालाला कोहिनुरात म्याच भाता मारायली हुते. हीच किटली, तवा धुरानं काळी. मला शिक्का दिसला, तवर तुमी वरून कथील फिरवलावबी. एवढ्या बायांम्होरं नव्या नवरीनं काय बोलावं? गप ऱ्हायले. चांदीला कल्हई करणारा माणूस, अवो, तुमीच."