परुळेकर सर आणि तपकिरी पान

लग्नाच्या मांडवात नवरीच्या गजऱ्याला भिंग लावून "माव्याची कीड पडलीय, झटकून घाला" असं करवलीला सांगणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे परुळेकर सर. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आम्ही दोघं रत्नागिरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात होतो. ते जीवशास्त्र शिकवत, मी रसायन. प्रयोगशाळा दोघांत एकच, त्यामुळे त्यांना टाळणं शक्य नव्हतं. पुढे टाळावंसंही वाटेना.

बाजारात बांगडा घेतला की त्याने काय खाल्लंय ते बघायला सर तिथल्या तिथे त्याचं पोट उघडत. कोळीण वैतागायची. "मास्तर, ह्यो खायाला न्हेताव की शालंत शिकवायला?"

"दोन्हीला," सर म्हणत, आणि जठर कागदात बांधून वेगळं घेत.

कुणी काही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला. "पाहिलंत की ऐकलंत?" प्राचार्य एकदा म्हणाले, फणसाला खिळा मारला की फळ धरतं. सरांनी त्यांच्याच परसातले दोन फणस निवडले. एकाला खिळा मारला, दुसरा तसाच ठेवला, आणि तीन वर्षं दोन्ही झाडांवरचे फणस मोजले. खिळेवाल्यावर कमी निघाले. प्राचार्य खजील होऊन म्हणाले, "म्हणजे मीच चुकलो."

"इतक्यात नाही," सर गंभीरपणे म्हणाले, "अजून दोन झाडं हवीत."

पण माणूस काय तोलाचा आहे ते मला बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कळलं. घाटावरून आलेले परीक्षक फार कडक होते. प्रयोग सोपा होता. जास्वंदीचं पान उकळायचं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढायचा आणि वर आयोडीन टाकायचं. पानात स्टार्च असेल तर ते निळं-काळं होतं. आठ मुलं होती. सात वह्यांत 'निळे-काळे' होतं. सुनंदाच्या वहीत होतं, 'तपकिरी'.

परीक्षकांनी तिथे भोपळा दिला. सुनंदा लांज्याकडच्या खेड्यातली, वडील मुंबईला गिरणीत. नापास झाली तर शिक्षण बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, मला तपकिरीच दिसलं."

"बाकीची पानं कुठायत?" सरांनी विचारलं. सातही बशा पुढे आल्या. सातही पानं तपकिरी!

सर तडक व्हरांड्यात गेले. जास्वंदीची कुंडी जागेवर नव्हती. परीक्षक येणार म्हणून शिपायाने साफसफाई केली होती आणि दोन दिवसांपूर्वीच कुंडी अडगळीच्या खोलीत टाकली होती. परीक्षेची पानंही त्याने तिथूनच तोडून आणली होती. तिथे मिट्ट काळोख. सरांनी त्या कुंडीतलं एक पान तोडलं, दुसरं अंगणातल्या उन्हातल्या जास्वंदीचं. परीक्षकांसमोर दोन्ही उकळली आणि दोन्हींवर आयोडीन टाकलं. अंगणातलं काळंभोर झालं. कुंडीतलं तपकिरीच राहिलं.

"उजेड नाही, तर स्टार्च नाही," सर शांतपणे म्हणाले. "झाड खरं बोललं, ही पोरगी खरं बोलली. उरलेल्या सात जणांनी पुस्तक वाचलं."

परीक्षकांनी दोन्ही बशा उजेडात धरून पाहिल्या. मग त्यांनी सुनंदाचे गुण खोडले आणि पैकीच्या पैकी लिहिले. सात पोरांचे चेहरे उतरले होते. सर त्यांच्याकडे बघत परीक्षकांना म्हणाले, "ह्यांना नापास करू नका. उन्हातलं पान देऊन पुन्हा करू द्या. घाबरून लिहितात हो पोरं." परीक्षकांनी मान डोलावली.

संध्याकाळी आम्ही दोघं बशा धूत होतो. मी म्हटलं, "सर, आज तुम्ही त्या मुलीला वाचवलंत."

त्यांनी पुढची बशी घासायला घेतली. म्हणाले, "कॉलेजात माझ्या शेजारी दिनू असायचा. परीक्षेत बटाट्याचा प्रयोग होता. बटाटा पोखरून आत साखरेचं पाणी घालायचं आणि तो साध्या पाण्यात ठेवायचा. आतली पातळी चढायला हवी. दिनूची चढली नाही. त्याने तसंच लिहिलं. नापास झाला आणि कॉलेज सोडून बोटीवर गेला."

"आणि तुम्ही?"

"मी पहिला आलो." हातातली बशी त्यांनी पालथी घातली. "माझ्याही बटाट्यात पाणी चढलं नव्हतं."

नळ चालूच होता. मी तो बंद केला आणि विचारलं, "त्याला सांगितलंत कधी?"

"तीन पत्रं लिहिली. तिन्ही परत आली," सर म्हणाले. "चौथं अजून परत आलेलं नाही."