सोपान वायचळ यांच्यातील उभी फूट

तालुकाध्यक्षपदाचा अर्ज भरल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करताना, माझ्यात उभी फूट पडली आणि माझे दोन झाले.

आमच्या पक्षाला फूट नवी नाही. पण एकाच माणसात पडलेली तालुक्यातली ही पहिलीच, त्यामुळे थोडी धावपळ झाली.

कारण साधं होतं. मावळते अध्यक्ष अण्णासाहेब टेकाळे यांचा फोन आला होता. ते एकोणीस वर्षं अध्यक्ष आहेत आणि दर वेळी बिनविरोध येतात, कारण दर वेळी मी अर्ज भरतो आणि शेवटच्या दिवशी मागे घेतो. आतापर्यंत सहा वेळा घेतलाय.

"सोपानराव, माघारीचं बघा. तीनच्या आत या म्हणजे बरं," ते म्हणाले.

मी "बघतो" म्हणालो. त्याच वेळी "नाही" असंही म्हणालो. दोन्ही मोठ्याने. फोन ठेवला तर बेसिनपाशी मी होतो आणि शेजारी, एका गालाला फेस लावून, मीच उभा होतो.

"आपण कोण?" मी विचारलं.

"सोपान वायचळ. मूळ," तो म्हणाला. "आणि आपण?"

"मीही मूळच."

माझी बायको सुमित्रा चहा घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलं. "साखर दोघांनाही कमीच ना?" एवढं विचारून ती दुसरा कप आणायला गेली.

त्याने अर्धी दाढी तशीच ठेवून स्कूटर काढली आणि तो प्रचाराला गेला. मला एसटीने जावं लागलं. आमच्याकडे एक्केचाळीस गावांचे एक्केचाळीस शाखाप्रमुख मतदान करतात, त्यातला एक मी. या साऱ्यांच्या कानावर माझी माघार आधी घालायची, असा माझा शिरस्ता आहे. पण जिथे जावं तिथे तो आधीच येऊन गेलेला. बाभूळवाडीच्या शाखाप्रमुखाने तर मला मिठीच मारली.

"काय बोललात राव सकाळी! अंगावर काटा आला बघा."

मी काय बोललो होतो हे विचारायची चोरी. माघारीचं तोंडातून निघेना. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

पावणेतीनला पक्ष कार्यालयात पोचलो तेव्हा तो खुर्चीवर ऐसपैस बसला होता. मी सही केलेला माघारीचा कागद काढला. जिल्ह्यावरून आलेले निरीक्षक कात्रेसाहेब यांनी चष्मा पुसला.

"नाव एक, अर्ज एक, इसम दोन," ते म्हणाले. "पक्षाच्या घटनेत तरतूद नाही. मूळ कोण ते बहुमताने ठरवू."

"कोणाच्या बहुमताने?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"घरच्यांच्या."

घरी सुमित्रा एकटीच. तिला बोलावणं गेलं. ती आली तेव्हा तीनला चार मिनिटं कमी होती. तिने त्याच्याकडे बोट केलं. "अर्ज यांचा."

"कारण सांगा बाई. लिहावं लागतं."

"एकवीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा टेकाळ्यांना 'नाही' म्हटलेलं ऐकलं मी. कणीक मळत होते, हात तसाच राहिला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्यावर राग नाही हं माझा."

तीन वाजले. 'उमेदवाराची सही नाही' असा शेरा मारून माझा कागद परत आला. कात्रेसाहेब न्यायी माणूस. त्यांनी उमेदवारी मूळ गटाला दिली आणि मताचा अधिकार फुटीर गटाला, म्हणजे मला.

अण्णासाहेबांनी मला खिडकीपाशी नेलं. "उपाध्यक्षपद तुमचं. लेखी देतो. फक्त शिक्का माझ्या नावावर."

"बघतो," मी म्हणालो.

संध्याकाळी मतदान झालं. सगळ्यांत शेवटी मी गेलो आणि चिठ्ठीची चार वेळा घडी घातली. मोजणी सुरू झाली तसे लोक टेबलावर वाकले. बारा-नऊ. पंधरा-सोळा. वीस-वीस. पेटीत एकच चिठ्ठी उरली, आणि चार घड्यांची तीच. कात्रेसाहेब ती उलगडत होते आणि मी घड्या मोजत होतो.

"वायचळ."

कार्यालय दणाणलं. गुलाल उधळला, ताशा सुरू झाला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी घसा बसेपर्यंत माझ्याच नावाच्या घोषणा दिल्या. डोळ्यांत पाणी आलं ते गुलालामुळे नव्हे. कुणीतरी चुकून माझ्याही गळ्यात हार घातला. मी तो काढला नाही.

गर्दी ओसरल्यावर नवे अध्यक्ष माझ्याकडे आले. हातात कागद होता.

"झालं आपलं काम," ते म्हणाले. "आता एक होऊ या. विलीनीकरणाचा अर्ज आहे. सही करा आणि घरी चला."

सुमित्रा दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. कात्रेसाहेबांनी पेन पुढे केलं.

"नाही," असं ऐकू आलं.

पुन्हा कोणी फुटलं की काय म्हणून मी चटकन मागे वळलो. मागे फक्त भिंत होती. मीच बोललो होतो.