काचेचे मडगार्ड

रानडुकरानं मोटारीच्या तोंडावर धडक दिली, तेव्हा नथ्थू मिस्त्री एवढंच म्हणाला होता, "भैयाजी, ठोकून देतो. दोन दिवसांचं काम हाय." भैयाजींनी त्याच वेळी मान हलवली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. (हे ते आजही कबूल करतात, पण बायको स्वयंपाकघरात असताना.)

भैयाजी एम. एस्सी. होते. नागपूरच्या कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, आणि निवृत्त होऊन सिंदेवाहीला परतताना एक वेडेपणा केला. कोळशाच्या खाणीवरचा एक इंग्रज साहेब मायदेशी निघाला होता, त्याची दोन माणसांची, उघडी, बुटकी स्पोर्ट्स मोटार विकत घेतली. एवढ्या शिकलेल्या माणसाच्या हातून एवढा वेडेपणा व्हावा, याचं त्यांना स्वतःलाही कोडं होतं. पण मुलीच्या, कमळाच्या लग्नात ती उपयोगी पडेल, असं ते स्वतःला समजावत. आणि तसंच झालं. व्याही सोमाजींनी बैठकीतच सांगून टाकलं, "नवरदेव मोटारीत येईल. मोटार सगळी पाहिजे, फुटकी नाई. अन् गोरज मुहूर्त टळला, तर वऱ्हाड माघारी."

आणि भैयाजींनी एका विलायती मासिकात वाचलं होतं, की आता मोटारीचे भाग काचेच्या तंतूंचे मिळतात. हलके, गंजत नाहीत, पत्र्यापेक्षा चिवट. त्यांनी दोन मडगार्ड आणि एक बॉनेट मागवलं.

खोकं आलं ते लग्नाच्या आदल्या दिवशी. भाग कोऱ्या, पांढुरक्या रंगाचे होते, सोललेल्या हाडासारखे. भोकं जुळेनात. नथ्थूनं अंगणात बसून रात्रभर कानस चालवली. पांढरी भुकटी उडाली आणि हळदीच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर, मोटारीच्या गादीवर, सगळ्यांवर अलगद बसली. सकाळी घरातली बाई न् बाई खाजवत होती.

"खाजकुहिली आणली का घरात?" भैयाजींच्या पत्नी मनकर्णाबाई मानेवरून नखं फिरवत म्हणाल्या.

"अहो, काच आहे ती. बारीक तंतू."

"लग्नाच्या घरात काच कुटून राह्यले तुमी?"

दुपारी नथ्थूनं दिवे बसवले. एक तार बॅटरीकडून दिव्याला. दुसरी मोटारीच्या अंगाला, म्हणजे वीज अंगातून परत जाते. बारा वर्षं तो असंच करत आला होता. या वेळी अंग काचेचं होतं. शेजारी उभे राहून भैयाजी त्याला समजावत होते, "नथ्थू, या पदार्थातून वीज मुळीच जात नाही, बरं का. अगदी मुळीच नाही!"

"हो जी," म्हणत नथ्थूनं तार मडगार्डला पक्की आवळली.

दिवे लावून बघायला कोणाला वेळ होता? ऊन लखलखीत होतं.

जेवणावळीच्या पत्रावळी घेऊन रानगावचा झिंगू आला होता. त्यानं नव्या मडगार्डवर बोटानं टकटक केली. ठब्. पुन्हा केली. ठब्.

"वाजत नाई," तो म्हणाला. "जिता पत्रा वाजते, भैयाजी. हे मेलेलं हाय. डोहाच्या वळणावर डहाळी टाकजा."

त्या वळणावर कधीकाळी वाघानं एक लाकूडतोड्या नेला होता. तेव्हापासून येणारा-जाणारा तिथं एक हिरवी डहाळी टाके, आणि त्यांचा पुरुषभर ढीग झाला होता. भैयाजींनी आजवर एकही टाकली नव्हती. एम. एस्सी. होते ना.

वऱ्हाड चार मैलांवर, जंगलापलीकडच्या शाळेत उतरलं होतं. भैयाजी मोटार घेऊन पोचले; ती बघून सोमाजी खूश झाले आणि वऱ्हाड घेऊन पुढे निघाले. नवरदेव मुंडावळ्या सावरत भैयाजींच्या शेजारी बसला. अर्ध्या वाटेवर सूर्य सागाच्या मागे गेला आणि रस्ता एकदम करडा झाला. पाखरं गप्प झाली. डोहाचं वळण आलं. भैयाजींनी दिव्याची कळ दाबली.

दिवा लागला नाही, डोळ्यासारखा उघडला. झोपेतून उठल्यासारखा, तांबूस, फक्त डावा. त्याचा उजेड पुढे पडायच्या ऐवजी मडगार्डच्या आत पसरला आणि पांढरा भाग कवटीत पणती ठेवावी तसा उजळला. काचेतल्या रेषा शिरांसारख्या दिसू लागल्या. आणि बॉनेटखालून कोणीतरी कण्हलं. हळू, लांब.

"मामाजी," नवरदेव पुटपुटला, "हे कोण?"

"भोंगा असावा."

"तुमी दाबला?"

"नाही."

भैयाजींनी ब्रेक दाबला. डोळा मिटला. सोडला, तर उघडला. पुन्हा दाबला, मिटला. समोर डहाळ्यांचा ढीग होता, आणि डोळा जणू त्याच्याकडे बघून मिचकावत होता.

"मामाजी, माझ्या पाठीवर कोणी चालून राह्यलं!"

"ती भुकटी, गादीवरची—" भैयाजी सांगू लागले, पण तेवढ्यात त्यांच्याही मानेवर काहीतरी चालू लागलं.

नवरदेव उडी मारून उतरला. एका हातानं पगडी धरून, दुसऱ्यानं पाठ खाजवत तो पळत सुटला. देवाची कृपा एवढीच, की मांडवाच्या दिशेनं.

भैयाजी एकटे राहिले. पाय ब्रेकवर, डोळा मिटलेला. पाय काढला, डोळा उघडा. कण्हणं चालूच. एकतीस वर्षांतला एकही सिद्धांत आठवेना. ते उतरले, तेंदूची एक डहाळी मोडली आणि ढिगावर ठेवली. वळून पाहिलं.

डोळा स्थिर होता. मिचकावत नव्हता.

(ब्रेकवर कोणाचा पायच नव्हता, हे त्यांना दोन दिवसांनी सुचलं.)

ते मोटार तिथंच सोडून चालत निघाले. मांडवात पोचले, तेव्हा अक्षता पडत होत्या. दीड मैल पळत आलेला नवरदेव घामाघूम, खाजवत उभा होता. सोमाजींची मोटारीबद्दल तक्रार नव्हती; उलट ती पुन्हा दारात आणू नका, असं ते हात जोडून म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नथ्थूनं वळणावरून मोटार आणली आणि दिव्यापासून लोखंडी सांगाड्यापर्यंत एक वेगळी तार ओढली. भोंगा गप्प झाला, दोन्ही दिवे लख्ख लागले. परतीची वाट नसल्यानं वीज भोंग्यातून, मागच्या ब्रेकच्या दिव्यातून, जिथून मिळेल तिथून फिरत होती; ब्रेक दाबला की तीही वाट बंद.

"भैयाजी," नथ्थूनं पाना पुसत विचारलं, "हे तुमी कॉलेजात किती वर्षं शिकवलं?"

भैयाजींनी झिंगूला बोलावून घेतलं. अंगणात कोळशानं आकृती काढून त्यांनी त्याला तासभर सगळं समजावलं. झिंगूनं मन लावून ऐकलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "तार बी लावा, डहाळी बी टाका."

परवा मनकर्णाबाईंना शेजारी बसवून भैयाजी त्याच रस्त्यानं निघाले. भर दुपार होती. वळणावर त्यांनी मोटार थांबवली.

"का झालं?"

"इंजिन जरा तापल्यासारखं वाटतं. बघून येतो."

ते उतरले आणि रस्त्याकडेच्या तेंदूकडे चालू लागले.

"अहो," मागून बाईंचा आवाज आला, "इंजिन इथी हाय. तुमी तिकडं कुठी चालले?"