गोमाशेठची चौकशी

गोमाशेठ स्वतःचं वजन भंगारवाल्याकडून करून आणतात.

माझा दवाखाना कोपरखैरण्याला, एका फरसाणच्या दुकानाच्या बरोबर वर. वजन कमी करायला येणाऱ्यांचाच दवाखाना, त्यामुळे दारातून आत आलं की पहिला दिसतो तो काटा. त्याच्यावर चढण्याआधी लोक चप्पल काढतात, घड्याळ काढतात, पट्टा काढतात. एका बाईंनी तर केसांतला चाप काढून माझ्या हातात दिला होता. गोमाशेठ त्या काट्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. सदऱ्याच्या खिशातून एक मळकी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवतात. पहिल्या दिवशी त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "लोखंड, १०८".

"हे काय?"

"माझं वजन. आमच्या घनसोलीच्या नाक्यावर भंगारवाला हाय, त्याच्याकडं करून आनलं."

"अहो, पण इथे काटा आहे ना!"

"तुमचा काटा दवाखान्याचा हाय, म्याडम. तो जास्तच दाखवनार. त्यानं कमी दाखवलं तं तुमचा दवाखाना चालनार कसा?"

मी शांतपणे विचारलं, "भंगारवाला माल विकतो की विकत घेतो?"

"घेतो."

"मग त्याचा काटा जास्त दाखवेल की कमी?"

गोमाशेठनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्या काट्यावर चढले. एकशे बारा. खाली उतरले ते थेट जिन्याकडे. गेल्याच महिन्यात त्यांनी छपराचे जुने पत्रे त्या भंगारवाल्याच्या काट्यावर घातले होते. त्या दिवशी तपासणी झालीच नाही, ते भांडायला गेले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा चिठ्ठी घेऊन हजर. भांडण मिटलं होतं, पण काटा काही बदलला नव्हता. शेवटी भंगारवाल्याच्या आकड्यात चार किलो मिळवून लिहायचे असं आमचं ठरलं. माझ्या फाइलमध्ये एवढ्या एकाच माणसाचं वजन बेरीज करून लिहिलेलं आहे.

गोमाशेठ घणसोली गावातले, मूळचे. वडील मिठागरावर होते. आता मिठागर नाही, शेत नाही. आहे ती गावठाणातली तीन मजली चाळवजा इमारत आणि तिच्यात भाड्याच्या चौदा खोल्या. खाली मागच्या बाजूला त्यांचं स्वतःचं घर. बायको, ठमाबाई, चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी लग्न होऊन अलिबागकडे. वय बासष्ट, आवाज सत्तावीस माणसांचा, आणि गुडघे दोन्ही गेलेले. वाशीच्या सर्जननी सांगितलं होतं, उजवा गुडघा बदलू, पण आधी वजन पंचाण्णवच्या खाली आणा, मगच तारीख मिळेल. म्हणून ते माझ्याकडे आले होते.

"वर जायाला पाय पायजे," ते म्हणाले. "आमचा जिना म्हंजे शिडीच हाय. एकेक पायरी रडून चढतू. बाकी मना काय नको. झिरो फिगर तं नकोच."

माझी पद्धत अशी की, एकाचा आहार दुसऱ्याला द्यायचा नाही. थायरॉइड कसा, साखर किती, झोप लागते का, कामाची पाळी कुठली, आजी काय खायची, स्वयंपाक कोण करतं, उरलेलं कोण संपवतं, असं सगळं विचारून मगच मी कागद करते. पहिल्या भेटीला तास जातो. गोमाशेठना हे फार आवडलं. आजवर डॉक्टरांनी त्यांना "तेल कमी करा" यापलीकडे काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या आजीबद्दल तर कुणी अवाक्षर विचारलं नव्हतं. आजीवरच वीस मिनिटं गेली.

मी त्यांची तांदळाची भाकरी ठेवली, वाल ठेवले, सुकट ठेवलं, मापं तेवढी बांधून दिली. मधे एकदा उत्साहाच्या भरात ओट्स दाखवले. त्यांनी चिमूटभर हातावर घेतले, वास घेतला.

"म्याडम, ह्यो कोंडा हाय. हा आमी म्हशीला द्यायचू. म्हस पन तोंड फिरवायची."

ओट्स कागदावरून गेले ते गेलेच.

महिनाभरात वजन किती उतरावं? पाव किलो. तेसुद्धा, मला वाटतं, भंगारवाल्याचा हात लागला म्हणून. गोमाशेठ तक्रार घेऊनच आले होते. त्यांनी आपल्या कागदाची झेरॉक्स गावातल्या केस कापणाऱ्याला दिली होती आणि त्याचं वजन मात्र चार किलोंनी उतरलं होतं.

"माझ्या मापाचा कागद, आनि लागला त्याला! ह्या काय झाला?"

रोज काय खाल्लं ते त्यांनी वहीत लिहून आणलं होतं. सकाळी एक भाकरी, दुपारी एक भाकरी आणि वालाची आमटी, संध्याकाळी नुसती रेघ. मी वही तीनदा वाचली. एवढं खाऊन माझंसुद्धा वजन उतरलं असतं, आणि माझं वजन हा आमच्या दवाखान्यात न काढण्याचा विषय आहे.

"संध्याकाळी काहीच खात नाही?"

"नाय. संध्याकाली मी चौकशीला जातू."

"कसली चौकशी?"

"भाडेकऱ्यांची. पानी आलं का, बत्ती हाय का, पोरगं शालंत गेलं का. चौदा खोल्या हायत, घरमालकानं इचारायला नको?"

मग हळूहळू चौकशीचा तपशील बाहेर आला. दोन नंबरमध्ये बिहारचे मिश्राजी, त्यांच्याकडे लिट्टी. चार नंबरात परभणीचं कुटुंब, तिथे धपाटे आणि वर दही. सात नंबरात केरळच्या दोघी नर्स, त्यांचं अप्पम. अकरा नंबरला मंडणगडचे कांबळे, त्यांच्या वहिनींचे घावणे. कुठे पुरी, कुठे खिचडी, कुठे सकाळची उरलेली बिर्याणी. प्रत्येक दारात एक घास.

"शेठ, हे सगळं वहीत कुठे आहे?"

ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "म्याडम, त्या जेवन नाय. ती चौकशी हाय. दारात उभ्यानं खाल्लेलं जेवनात धरतात काय कुठं?"

घास म्हणजे काय ते मी घरी येऊन हिशेब करून पाहिलं. चौदा घासांचं दोन माणसांचं जेवण होत होतं.

मी कडक झाले. चौकशी करा, पण तोंड बंद. एक घास नाही, अर्धा नाही, चहासुद्धा नाही. गोमाशेठनी वही मिटून खिशात घातली. पण सर्जनची तारीख डोळ्यांसमोर होती. "बरं," म्हणाले आणि गेले.

वजन भराभर उतरू लागलं. दोन महिन्यांत एकशे तीन. मी खूश. एका शनिवारी दवाखाना उघडते तर बाहेर सहा-सात माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात डबा. मला वाटलं नवीन पेशंट आले, तेही स्वतःचं जेवण घेऊन. म्हटलं, किती समजूतदार समाज आहे.

"डॉक्टरसाब, शेठ हमसे नाराज हैं क्या?" मिश्राजींनी विचारलं.

"आमी काय चुकलो काय ओ?" कांबळेवहिनी म्हणाल्या. "दोन महिने झाले, दारात येतात, पानी आलं का विचारतात, आनि जातात. घावना पुढं केला तर हात मागं. खोली खाली करायला सांगणार असतील तर तसं सांगू दे ना सरळ."

दोघी नर्सपैकी धाकटी तर कोपरखैरण्यात दुसरी खोली बघूनसुद्धा आली होती.

तेव्हा मला कळलं ते असं. शेठच्या इमारतीत नवीन भाडेकरू आला की सामान लागतं न लागतं तोच ठमाबाई आणि गोमाशेठ त्याच्या दारात जायचे आणि त्याच्या चुलीवर शिजलेला पहिला घास मागून खायचे. हा त्या दोघांचा रिवाज. मिश्राजी इथे आले तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. "भाभीजी ने हाथ आगे किया," ते म्हणाले, "तब लगा, चलो, यहाँ रह लेंगे." ठमाबाई गेल्यावर गोमाशेठनी तो पहिला घास रोजचाच केला. मालकानं आपल्या घरचं खाल्लं म्हणजे आपण इथले, एवढा त्या माणसांचा साधा हिशेब होता. आणि मी माझ्या कागदाने त्या चौदा घरांना परकं करून टाकलं होतं. मला माझीच लाज वाटली.

त्यांना मी आत बोलावलं, पंखा लावला आणि सगळं समजावून सांगितलं. मग आम्ही मिळून पाळी लावली. रोज एकाच खोलीत जायचं, बसून, एका ताटात, रात्रीचं पूर्ण जेवण करायचं. बाकी तेरा दारांत फक्त चौकशी. प्रत्येक घराच्या स्वयंपाकाला मी मापं लिहून दिली. मिश्राजींची लिट्टी एक, तुपाशिवाय. मिश्राजी "बिना घी?" एवढंच बोलले, पण तेही अशा आवाजात, की मी अर्धा चमचा मंजूर केला. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत एका माणसासाठी चौदा स्वयंपाकघरांचा कागद मी कधी केला नव्हता.

गोमाशेठ खुलले. वजनही उतरत राहिलं. शंभर. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. सर्जनना फोन करून मी ऐटीत सांगितलं, दोनच किलो राहिलेत.

ते दोन किलो काही केल्या जाईनात. शहाण्णव व्हायचं, पुढच्या आठवड्यात अठ्ठ्याण्णव. पुन्हा साडेशहाण्णव, पुन्हा अठ्ठ्याण्णव. मी रक्त तपासलं, गोळ्या बदलून पाहिल्या, झोप विचारली. भाडेकऱ्यांना एकेकाला बोलावून दरडावलं. मिश्राजींनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी भंगारवाल्याकडेही जाऊन आले. त्याने घाबरून मला दोन वजनं घालून काटा दाखवला आणि जाताना हळूच विचारलं, "म्याडम, तुमचंपन करायचं का?"

शेवटी एका रविवारी दुपारी न सांगता मी गोमाशेठच्या घरी गेले. दार उघडंच होतं. ते खाटेवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर फरसाणाची मोठी पिशवी होती. पिशवी माझ्याच दवाखान्याखालच्या दुकानाची. म्हणजे माणूस दर आठवड्याला माझा सल्ला घेऊन जिना उतरायचा आणि पिशवी घेऊन रिक्षात बसायचा.

मी एवढी तापले, की बसलेसुद्धा नाही. "शेठ, तुम्हाला पाय हवाय की नकोय? दोन किलो राहिलेत! तारीख देतायत ते!"

"म्हनूनच," गोमाशेठ म्हणाले.

"म्हणूनच काय?"

त्यांनी पिशवीच्या तोंडाला घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "आपरेशन झालं का दीड महिना जिना नाय चढायचा, असं सर्जन बोलला. घरात बसायचं. जेवायचं पन घरात." त्यांनी मान वळवून घराकडे पाहिलं. "ह्या घरात."

मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. ओटा स्वच्छ, कोरडा. शेगडीवर कागद अंथरलेला. मांडणीवर ताटं एकात एक घालून ठेवलेली, वरच्या ताटात धूळ.

"भाकरी मी नाक्यावरच्या बायकडून घेतू नि तिथंच वट्यावर बसून खातू. ती गेल्यापासून मी हितं जेवलू नाय, म्याडम. एकदा बसलू होतू, पयल्या आठवड्यात. भाकरी मोडली नि समोर बघितलं. मग उठलू तो उठलू." मग आवाज चढवून, माझ्यावरच उखडल्यासारखे म्हणाले, "चार वर्स भूक मारली असती तं तुमच्याकडं आलूच नसतू ना! बारीक झालू असतू!"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. वजनाच्या डॉक्टरला असं दोन्ही एकदम होणं शोभत नाही. मी फरसाणाची पिशवी उचलली, खाली बसले आणि त्यातलं मूठभर खाल्लं. मग दोघांनी मिळून ठरवलं, की दीड महिना पाळी उलटी चालेल. ज्या घरची पाळी, त्या घराने आपलं जेवण घेऊन इथे यायचं. हे मी भाडेकऱ्यांना सांगायला गेले तेव्हा अर्ध्या मिनिटात काम झालं. वाद फक्त पहिल्या दिवशी कोण येणार यावर झाला.

तीन आठवड्यांत चिठ्ठी आली, "लोखंड, ९०". अधिक चार. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली.

ते घरी आल्याच्या चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. संध्याकाळचे सात वाजले होते आणि कांबळ्यांची पाळी होती. वहिनी, त्यांचे यजमान आणि दोन मुली जमिनीवर ओळीने बसल्या होत्या, गोमाशेठ खुर्चीत, समोर स्टुलावर ताट. ठमाबाईंची ताटं घासूनपुसून बाहेर आली होती. मलाही एक वाढलं गेलं.

कांबळ्यांचं जेवण झालं. माझं झालं. ताटात हात वाळायला लागले. पण पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही, आणि गोमाशेठच्या ताटात अजून अर्धी भाकरी होती. ते तिचा नखाएवढा तुकडा मोडायचे, आमटीत बुडवायचे, धाकटीला शाळेतलं काहीतरी विचारायचे, तिचं उत्तर पूर्ण ऐकायचे आणि मग तो तुकडा तोंडात घालायचे. सावकाश जेवा, असं मी प्रत्येक पेशंटला सांगते आणि कुणीही ऐकत नाही.

त्या अर्ध्या भाकरीला गोमाशेठनी पाऊण तास लावला. आम्ही सगळे बसून राहिलो.